गाळणी चालू आहे

६ जानेवारी

आज आलो. ट्रकवाल्याने सामान उतरवताना आईच्या कपाटाचं दार वाकवलं. आईने पायरीवर उभं राहून त्याला जे काही ऐकवलं, ते एका दमात. एरवी दोन-तीन वाक्यं झाली की तिला छातीवर हात ठेवून थांबावं लागतं. हवा मानवली म्हणायची!

क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, कपडे वाळत घालायला गॅलरी. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये वाटीत ठेवल्यासारखी ही वसाहत आणि वसाहतीच्या टोकाला वीज केंद्र. बाहेर जायला एकच रस्ता, तो खिंडीतून. गॅलरीत उभं राहिलं की समोर केंद्राची चिमणी दिसते. आई म्हणाली, एवढी मोठी वसाहत आणि चिमणी एकच. मग माझ्या लक्षात आलं की खरंच, दुसरं पाखरू काही दिसलं नाही.

सगळ्यावर करड्या धुळीचा थर आहे. खिडकीच्या कठड्यावर मी बोटाने माझं नाव लिहिलं. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या, पाणी कधी येतं, दूधवाला कुठे थांबतो, सगळं सांगून गेल्या. जाताना म्हणाल्या की खिडक्या बंद ठेवू नका, जितक्या लवकर सवय होईल तितकं बरं. प्रेमळ बाई आहे. आईला बोलायला माणूस मिळालं, माझा जीव भांड्यात पडला.

१२ जानेवारी

नोकरीत रुळले. पर्यावरण अधिकारी! दारावर पाटी आहे, टेबलाला कुलूप आहे, खुर्ची गोल फिरते.

काम असं: कोळसा जळला की धुराबरोबर राख उडते. ती चिमणीतून बाहेर पडण्याआधी एका अवाढव्य लोखंडी पेटीतून जाते. पेटीत विजेवर चालणाऱ्या पट्ट्या असतात, त्या राख ओढून घेतात आणि खाली पाडतात. इथे सगळे तिला गाळणी म्हणतात. गाळणी चालू असली की चिमणीतून जवळजवळ स्वच्छ धूर जातो. परवान्यात मर्यादा लिहिलेली आहे, आणि आपण त्या मर्यादेत आहोत हे मी दर महिन्याला प्रदूषण मंडळाला कळवायचं.

आज गाळणी बघायला गेले. ती बंद होती. नादुरुस्त वगैरे नाही, नुसतीच बंद. नियंत्रण कक्षात एक ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी अगदी शांतपणे सांगितलं की मंडळाचे लोक येणार असले की लावतात, एरवी बंदच असते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, फार वीज खाते. वीज केंद्रात वीज परवडत नाही, हे ऐकून मला हसू आलं. मामा हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले की शिवाय लोकांना सोसत नाही. कोणत्या लोकांना, ते विचारायचं राहून गेलं.

मोठ्या साहेबांकडे विषय काढला. ते माझं सगळं ऐकून घेतात आणि मग घरची चौकशी करतात. आईला बरोबर आणलंत ते उत्तम केलंत, म्हणाले. एकटी माणसं इथे बेचैन होतात.

२८ जानेवारी

आईचा दमा गेला! गेला म्हणजे काय, नावालाही उरला नाही. काल जिना चढून वर आली आणि पिशवी ठेवल्या ठेवल्या काकूंच्या सुनेच्या भांडणाची गोष्ट सांगत बसली. पंप तिने कपाटात टाकून दिलाय. दादाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, ठमे, तिथली हवा बाटलीत भरून पाठव, वहिनीला आठव्या महिन्यात धाप लागते.

आणि इकडे मी रोज बघते की मर्यादेच्या कितीतरी पट राख हवेत सुटते आहे. रुमाल काळा होतो. बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तशी राख धरते. मग आई बरी कशी?

इथून कुणी जात नाही असं दिसतं. निवृत्त झालेले सगळे इथेच. माझ्या आधीचे अधिकारीसुद्धा मागच्या ओळीत राहतात. अंगणभर कुंड्या आहेत म्हणून त्यांना कुंडीवाले साहेब म्हणतात. कुंड्यांत काही उगवलेलं नाही. आज रस्त्यात भेटले, तेव्हा इथे येऊन किती दिवस झाले ते विचारलं. महिना होत आला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी साडीला काही लागलंय का ते बघितलं.

१७ फेब्रुवारी

मंडळाची तपासणी झाली. आज घडलं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी गाळणी लावली. तासाभरात आकाश निळं झालं. इतके दिवस डोंगर करडे वाटायचे, ते हिरवे आहेत! मी मुद्दाम गच्चीवर गेले आणि खोल श्वास घेतला. छातीत थोडं टोचलं. थंडीने असेल.

खाली वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. सगळ्या खिडक्या बंद, दारांच्या फटींत कापडाचे बोळे. शाळेला सुट्टी. मला वाटलं, तपासणीवाल्यांच्या नजरेला कुणी पडू नये म्हणून साहेबांचा हुकूम असेल.

दुपारी घरी आले तर आई पलंगाच्या कडेला वाकून बसली होती. ओठ निळे. श्वास आत जातच नव्हता. पंप शोधून तोंडात दिला, काही उपयोग नाही. मी ओरडत जिन्यात गेले. काकू आल्या. त्यांच्या स्वतःच्या नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधलेली होती आणि हातात झाकणाचा डबा. त्यांनी झाकण काढलं आणि डबा आईच्या नाकाखाली धरला.

डब्यात राख होती.

मी काकूंचा हात झटकायला पुढे झाले, तेवढ्यात आईने दोन्ही हातांनी डबा धरला आणि त्यात तोंड घातलं. तहानलेलं माणूस पाणी पितं तसा श्वास घेतला. दोनदा, तीनदा. ओठांचा रंग परत आला. नाकाखाली करड्या मिशा उमटल्या होत्या आणि ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली.

काकू म्हणाल्या, "गाळणी संध्याकाळी बंद करतील. तोवर असू दे जवळ."

मी त्यांना नको ते बोलले. त्या डबा ठेवून गेल्या.

२० फेब्रुवारी

योगायोग. दम्याचा झटका आपोआप ओसरतो, हे मला माहीत आहे. म्हाताऱ्या माणसाला राख हुंगायला देतात, आणि मी अधिकारी म्हणून गोल खुर्चीत बसून राहू?

आज साहेबांना न विचारता मंडळाला कळवलं. गाळणी बंद असते, परवाना रोजच्या रोज मोडला जातो, तपासणी हे सोंग आहे, सगळं. मोजमापं जोडली. टपाल गेल्यावर खूप दिवसांनी मन स्वच्छ वाटलं.

९ मार्च

दादाला मुलगी झाली. आई आत्या-आत्या म्हणून मला चिडवत घरभर फिरली. उद्या सकाळच्या बसने निघतोय.

१० मार्च

परत आलो. आई झोपली आहे.

खिंड चढेपर्यंत आई खिडकीशी बसून बाळासाठी शिवलेल्या झबल्यांची परत परत घडी घालत होती. माथ्यावर पहिलं वळण घेतलं, तिथे करडं संपतं. रेष ओढल्यासारखं. पलीकडे लखलखीत ऊन. आणि आईचा श्वास अडकला. मी तिची पाठ चोळते आहे, आणि कळतं की माझ्याही छातीवर कुणीतरी बसलंय. हवा नाकात येत होती, पण तिच्यात काही नव्हतं. रिकामा घास चावावा तशी.

ड्रायव्हरने गाडी आधीच हळू केली होती. आरशातून आमच्याकडेच बघत होता. त्याच्या गळ्यात कापडाची पुरचुंडी आहे, तो ती मधूनमधून नाकाशी नेतो. मला तपकीर वाटली होती. त्याने वळणावर गाडी थांबवली. आवाज न चढवता विचारलं, "फिरवू का, ताई?"

मी हो म्हणून मान हलवली.

करड्यात शिरल्यावर दोघी माशासारख्या तोंडं उघडून श्वास घेत होतो. झबली बसमध्येच राहिली.

११ मार्च

कुंडीवाल्या साहेबांकडे गेले. मी येणार हे त्यांना ठाऊक होतं, दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी कंपनीने काटकसर म्हणून गाळणी बंद ठेवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं बंद. मंडळाला खोटं कळवत राहिले. माणसं खोकली, आजारी पडली, आणि मग एक दिवस खोकायची थांबली. तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. आता इथल्या छातीला राखेशिवायची हवा चालत नाही. नव्या माणसाला महिना-दीड महिना लागतो, आजारी माणसाला त्याहून कमी. त्यांची बायको माहेरी जायला निघाली होती. खिंडीच्या पलीकडे उतारावर श्वास अडकून गेली. त्यांनी हे कुंडीतली माती बोटाने उकरत सांगितलं.

मी विचारलं, मग आम्हाला आल्या दिवशी का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही राहिला नसतात. अधिकाऱ्याची जागा रिकामी राहिली की मंडळ चौकशी करतं.

तिथून तडक मोठ्या साहेबांकडे गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावरचा फोटो दाखवला, मुलाच्या लग्नाचा. ते त्यात नव्हते. मुख्य कचेरीशी ते फक्त फोनवर बोलतात. तिथल्या कुणालाच हे खरं वाटत नाही. त्यांना फक्त गाळणी बंद असल्याचं माहीत आहे, आणि तेवढं पुरतं.

मग मी मंडळाला काय कळवलंय ते सांगितलं.

साहेबांनी उठून माझ्यासाठी पाण्याचा पेला भरला.

१४ मार्च

मंडळाच्या अधिकाऱ्याला फोन केला. तक्रार मागे घेते म्हटलं. मोजायला चुकले म्हटलं. शेवटी खरं सांगितलं, आईचं, खिंडीचं, डब्याचं.

माणूस चांगला आहे. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "तुमच्यावर किती दबाव असेल, आम्हाला कळतं. घाबरू नका, मॅडम. आता आम्ही मागे हटणार नाही."

३० मार्च

हुकूम आला. पंधरा एप्रिलपासून गाळणी अखंड चालू. बटणाला मंडळाचं सील, मंडळाचे पहारेकरी. त्यात खंड पडला तर केंद्र बंद. म्हणजे दोन्हीकडून हवेत राख नाही.

मामा म्हणाले की हल्ली अशी सीलं तोडता येत नाहीत, तोडली की शहरात त्यांना कळतं.

कुणी मला बोलत नाही. म्हणजे, बोलतात. नेहमीसारखं. भाजी स्वस्त झाली, पाणी उशिरा आलं. त्यांनी दगड मारले असते तर चाललं असतं.

५ एप्रिल

सगळी वसाहत राख गोळा करते आहे. गच्च्यांवरून झाडून, भट्टीची राख सोडतात त्या तलावातून पोती भरून. शाळेची मुलं ओळीने डबे घेऊन जातात. काकूंनी दोन पोती जिन्यात आणून ठेवली. "तुमच्यासाठी पण भरली," म्हणाल्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

आईला कळलंय की हे मी केलं. काकूंनी नाही सांगितलं, मीच सांगितलं. ती पोत्याचं तोंड शिवत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, तू शाळेतही असंच करायचीस, बाईंना जाऊन सांगायचीस. मग म्हणाली, बरोबरच करायचीस. आणि सुई माझ्याकडे देऊन पुढचं पोतं ओढलं.

दादाचा फोन. आईला रडू फुटलं, फोनवर बोलता येईना, म्हणून तो घाबरलाय. म्हणाला, तुम्ही येत नाही तर मीच बाळाला घेऊन येतो. नको म्हटलं. परत परत नको म्हटलं. म्हणाला, ठमे, तुझा आवाज असा का झालाय?

१५ एप्रिल

गाळणी चालू झाली. आकाश निळं.

चादरी झटकत बसलोय. खोलीभर राख उडवायची, बसली की परत. खिडक्यांना ओलं कापड. काकूंचं पोतं अर्धं झालं.

१७ एप्रिल

साठवलेली राख चालत नाही. पहिल्या दिवशी चालली. मग शिळी होते. हुंगली तरी छाती उघडत नाही — ताजी लागते, गरम. मागच्या ओळीत दोन दारं आज उघडली नाहीत. कुंडीवाल्यांचं एक.

मंडळाचे पहारेकरी रस्त्यावर हिंडतात, फोटो काढतात. डोंगर सुंदर दिसतात म्हणतात. दारं वाजवली. कुणाला उठून दार उघडता येईना. त्यांना वाटतंय कंपनीने सगळ्यांना कोंडून ठेवलंय.

१८ एप्रिल

मामा ताज्या राखेची बादली घेऊन दारोदार फिरले. गाळणीच्या खाली लोखंडी खोली आहे — पकडलेली राख तिथे नळांतून उतरते. ताजी. नळांचे सांधे सैल केलेत, राख खोलीतच पडते. सगळे तिकडे चाललेत. आईला पाठुंगळी घेतलं. मोठे साहेब पुढून तिचे हात धरून होते. काकू मागून.

दार आतून लावलं. जाड आहे. फटी बुजवल्या.

श्वास येतोय. देवा, श्वास येतोय.

१९ असावी

एक दिवा आहे, गढूळ. राख गुडघ्याएवढी झाली. कुणी बोलत नाही, तोंड उघडलं की भरतं. मुलं मोठ्यांच्या खांद्यावर. आवाज नाही उरला माझा. साहेबांचाही. नळ बंद करायची सोय नाही आतून — बंद केले तर श्वास जाईल, नाही केले तर —

बाहेर आवाज. माणसं. हातोडा.

कंबरेपर्यंत. आईला पोत्यांवर बसवलंय. ती ठीक आहे. माझ्या केसांतली राख झटकते आहे.

हाक ऐकली. ठमे. परत ठमे. तो आलाय. दारावर मूठ आपटतोय. म्हणतो घाबरू नका, काढतो तुम्हाला, मशीन आणलंय. मागे बाळ रडतंय.

ओरडून बघितलं. हवा नुसती. मामांनी पहारीने दार वाजवलं, नको, नको असं — त्यांना वाटलं आम्ही मदत मागतोय. जोरात कापायला लागले.

हे पान फाडून फटीतल्या बोळ्याखालून सरकवते. दादा, दार उघडू नकोस. आम्हाला कुणी कोंडलं नाही. आम्हीच लावून घेतलंय. बाहेरची हवा आत आली तर सगळी — इथे मुलं आहेत, पुष्कळ मुलं. बाळाला घेऊन आजच जा, खिंडीपलीकडे, थांबू नकोस इथे. आई बरी आहे. विचारते आहे बाळ कुणावर गेलंय. कापायचं थांबव आधी, दादा, मग वाच, आधी थांबव — ठिणग्या पडताहेत पानावर — वरच्या कोपऱ्यातून उजेड आला, निळा, आई त्याच्याकडे बघते आहे, तिने माझा हात